छोटी कुऱ्हाड कशी निवडावी: रानासाठी, गाडीसाठी आणि अडीअडचणीसाठी

ऑनलाइन दुकानात ‘सर्व्हायव्हल कुऱ्हाड’ शोधली की एकाच हत्यारात पंधरा कामं सांगणाऱ्या वस्तूंची रांग लागते. कुऱ्हाड, हातोडी, पक्कड, करवत, पाना, बाटलीचं ओपनर, दांड्याच्या बुडाला होकायंत्र आणि पोकळ दांड्यात चकमक. यातली बरीचशी हत्यारं कुऱ्हाडीचं मूळ काम, म्हणजे लाकूड तोडणं आणि फोडणं, धड करत नाहीत. छोट्या कुऱ्हाडीला दोन कामं चोख यायला हवीत: धारेनं तोडणं आणि मागच्या बाजूनं ठोकणं. तिसऱ्या-चौथ्या कामाची जोड देताना बहुतेक वेळा या दोन कामांचाच बळी जातो. पुढचं सगळं याच कसोटीवर लिहिलं आहे.

आधी ठरवा, वापरणार कुठे

हा प्रश्न वजन-लांबीच्याही आधीचा आहे, कारण आपल्याकडे ट्रेकच्या बऱ्याच वाटा अभयारण्यातून जातात. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोटा कोयना अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या इतकी मोठी आहे की प्राण्याला इजा करू शकणारी कुठलीही वस्तू तिच्यात बसते. राखीव जंगलात झाड तोडणं किंवा आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. तेव्हा गडावर जाताना सॅकला कुऱ्हाड लटकवू नका. तिथं तिचं कामही नसतं. चहा-मॅगीपुरता छोटा गॅस पुरतो आणि जंगल जागच्या जागी राहतं.

मग कुऱ्हाड लागते कुठे? स्वतःच्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या शेतात, फार्महाऊसवर, खासगी कॅम्पसाइटवर. घाटातून आणि कोकणातून पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याच्या डिकीत. आणि गावाकडच्या घरात, जिथं एका वादळात रस्ता बंद होतो आणि मदत यायला दिवस लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि रस्ते झाडांनी अडले. असल्या वेळी घरात धार असलेलं हत्यार असणं-नसणं याचा फरक पडतो.

शस्त्र कायदा, १९५९ निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या अवजारांना शस्त्रात धरत नाही. पण नियमांच्या यादीत युद्धातली कुऱ्हाड आहे. म्हणून मागच्या बाजूला अणकुचीदार काटा असलेली, काळी रंगवलेली, ‘टॅक्टिकल’ नावाची कुऱ्हाड घेऊ नका. नाकाबंदीत तिचा खुलासा करणं कठीण जातं आणि तो काटा काम करताना तुमच्याच खांद्याकडे रोखलेला असतो. साधी शेतकामाची दिसणारी कुऱ्हाड घ्या, म्यानात घाला आणि डिकीत इतर अवजारांबरोबर ठेवा. निवडणुका, सण, मोर्चे अशा काळात पोलीस मनाई आदेश काढतात, तेव्हा ती घरीच राहू द्या. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही.

कुऱ्हाडच हवी ना?

मनगटाएवढ्या फांद्या कापायच्या असतील तर घडीची करवत कुऱ्हाडीपेक्षा लवकर, कमी दमणुकीत आणि कमी धोक्यात काम करते. झुडूप, वेली, ओला पाला, नारळाच्या झावळ्या यांना कोयता हवा. कोकणात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून फिरणारा माणूस कुऱ्हाड शोधत बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुऱ्हाडीचा वकूब दिसतो तो जाड, वाळलेल्या लाकडात: ओंडका फोडणं, खाच पाडणं, खुंट्या टोकदार करून त्याच हत्याराच्या मागच्या बाजूनं ठोकणं. तंबू ठोकायचा, जळण फोडायचं, आडव्या फांदीची गाठ तोडायची, तर छोटी कुऱ्हाड आणि घडीची करवत ही जोडी घ्या. दोन्ही मिळून वजन दीड किलोच्या आत राहतं.

गाडीत अडकल्यावर काच फोडायला मात्र कुऱ्हाडीवर भरवसा ठेवू नका. सीटवर बसून, पट्टा लावलेला असताना, तिला फिरवायला जागाच मिळत नाही, आणि ती असते डिकीत. त्यासाठी टोकदार छोटी हातोडी मिळते, पट्टा कापायच्या पात्यासकट. ती हाताला येईल अशी सीटजवळ पक्की बसवा. बाजूची काच बहुधा टफन्ड असते, तिच्या कोपऱ्यात मारलं की तिचा चुरा होतो. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण सहजी पडत नाही. म्हणून नेहमी बाजूची काच.

वजन आणि लांबी

नुसत्या पात्याचं वजन ४५० ते ७०० ग्रॅम आणि दांडा ३० ते ४० सेंटिमीटर, या मापात छोटी कुऱ्हाड नीट चालते. एकूण वजन पाऊण ते एक किलो. यापेक्षा हलकी घेतली की घावाला वजन मिळत नाही, सगळा जोर मनगटानं लावावा लागतो आणि दहा मिनिटांत पकड सैल पडते. दमलेल्या हाताला अपघात लवकर होतो. घडी घालता येणाऱ्या, पक्कड जोडलेल्या कुऱ्हाडींची पाती तर फारच हलकी असतात. काटकी तुटते, ओंडका हलतही नाही.

सतत पाठीवर वाहायची असेल तर या मापातल्या हलक्या बाजूची घ्या. डिकीत किंवा घरात ठेवायची असेल तर ६०० ग्रॅमच्या पुढचं पातं आणि ४० सेंटिमीटरच्या आसपासचा दांडा. माझा कल नेहमी लांब दांड्याकडे असतो. गरज पडली तर लांब दांडा वर धरून छोटा करता येतो, छोट्याचा लांब करता येत नाही.

पातं नीट बघा

कुऱ्हाड डोळ्यासमोर आडवी धरा आणि वरून पाहा. धारेपासून नेढ्यापर्यंत, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापर्यंत, पातं कसं जाड होत जातं? धारेजवळ बारीक आणि गालांपाशी हलका फुगीर असा आकार चांगला. पातं सपाट आणि बारीकच असेल तर ते लाकडात रुतून बसतं, दर घावाला उपटून काढावं लागतं. धारेपासूनच एकदम जाड होत असेल तर ते टणाटण उडतं, आत शिरत नाही. फुगीर गालांमुळे ढलपी बाजूला ढकलली जाते आणि पातं मोकळं होतं. धारेचा कोन प्रत्येक बाजूला साधारण २० ते २५ अंश असावा.

मागची बाजू सपाट आणि भरीव हवी. पण एक लक्षात ठेवा: साध्या कुऱ्हाडीत फक्त धारेकडचा भाग कडक केलेला असतो, मागचा भाग मऊ राहतो. त्यानं लाकडी खुंटी किंवा तंबूची मेख ठोका. लोखंडी पाचर किंवा पहार ठोकलीत तर मागची कडा फुलते आणि नेढं पसरून दांडा ढिला होतो. एका कुऱ्हाडीवर दुसरी कुऱ्हाड किंवा हातोडा मारू तर कधीच नका, पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते.

पात्यात नट-बोल्टसाठी षटकोनी भोकं, बाटली उघडायची खाच वगैरे असेल तर ती वस्तू परत ठेवा. घावाचा सगळा ताण पात्यातून जातो आणि तडा जातो तो नेमका भोकाच्या कोपऱ्यातून. खिळा उपटायची खाच हा एकच अपवाद मी मान्य करेन, तीही धारेपासून लांब आणि गोलसर असेल तरच. वादळानंतर पत्रे आणि फळ्या काढताना तिचा उपयोग होतो.

पोलाद

कुऱ्हाडीला कार्बन स्टील हवं. १०५५, १०६० किंवा ५१६० असे क्रमांक वर्णनात दिसले तर चांगली खूण. यातलं शेवटचं म्हणजे स्प्रिंग स्टील, गाडीच्या कमानपाट्यांना वापरतात त्या जातीचं. नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं किंवा ४२० आणि ३सीआर१३ अशा नावांचं पोलाद सुरीला ठीक असतं, कुऱ्हाडीला नाही. कार्बन स्टील गंजतं हे खरं, पण तेलाच्या एका हातानं तो प्रश्न सुटतो.

कडकपणा ५२ ते ५७ रॉकवेल (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) असेल तर उत्तम. आकडा दिलेला नसेल तर कानस घेऊन धारेच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कानस किंचित घासत, थोडी पकडत पुढे गेली तर पोलाद योग्य. काचेवरून जावी तशी घसरली तर धार ठिसूळ आहे, गाठीवर बसली की तुकडा उडेल. लोण्यात शिरावी तशी रुतली तर धार पहिल्याच ओंडक्यावर दुमडेल.

दांडा: इथं वेळ घाला

पातं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, दांडा टिकत नाही. खरेदीत सगळ्यात कमी लक्ष मात्र दांड्याकडेच जातं.

लाकडी दांडा असेल तर बुडाकडून पाहा. तिथं वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या रेषा पात्याच्या दिशेनं, म्हणजे धार ज्या रेषेत आहे त्याच रेषेत उभ्या धावत असतील तर दांडा मजबूत. आडव्या असतील तर जोराच्या घावाला तो रेषेवर चिरतो. मग दांडा आडवा धरून लांबीभर नजर फिरवा. लाकडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवेत. मध्येच तिरके होऊन बाहेर पडत असतील, किंवा निमुळत्या जागी गाठ असेल, तर ती कुऱ्हाड नको. गडद रंग किंवा जाड व्हार्निश दिलेला दांडा मी घेत नाही. खाली काय आहे ते दिसत नाही आणि घामेजल्या हातात तो सटकतो.

परदेशी कुऱ्हाडींना हिकरी किंवा अ‍ॅशचा दांडा येतो. आपल्याकडे धामणीचा दांडा नावाजलेला, चिवट आणि घावाचा धक्का पचवणारा. बाभळीचाही चालतो, फक्त वजनदार होतो.

पातं दांड्यात कसं बसवलंय तेही बघा. नेढ्याच्या वरच्या तोंडाशी लाकडी पाचर पूर्ण रुतलेली हवी, कडेला फट नको. कुऱ्हाड उलटी धरून दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकळ्यानं दोन ठोके द्या. पातं घट्ट असेल तर भरीव आवाज येतो, ढिलं असेल तर खुळखुळतं. गावाकडे ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, पातं घट्ट होतं, सकाळचं काम भागतं. पण वाळल्यावर लाकूड आधीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून हा उपाय एका दिवसाचाच समजा. खरा उपाय म्हणजे नवी पाचर. आपल्या हवेत पावसाळ्यात घट्ट असलेली कुऱ्हाड एप्रिल-मेमध्ये हमखास ढिली पडते, तेव्हा उन्हाळ्यात वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी तपासा.

लाकडाची निगा जमणार नसेल तर दोन पर्याय आहेत. फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकचा दांडा, जो पात्याभोवतीच ओतलेला असतो. फिनलंडच्या फिस्कर्सची एक्स ७ या जातीची आहे. ती हलकी असते, ढिली होत नाही, पण दांडा मोडला तर नवा बसवता येत नाही. दुसरा पर्याय एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली, पकडीवर चामडं किंवा रबर चढवलेली. अमेरिकेच्या एस्टविंगच्या कुऱ्हाडी अशा असतात. त्या मोडत नाहीत, पण घावाचा हादरा मनगटाला जाणवतो. वर्षभर डिकीत ऊन-दमट खात पडून राहणारी कुऱ्हाड हवी असेल तर या दोघींपैकी एक घ्या. घरात ठेवायची आणि निगा राखणार असाल तर लाकडीच. पोकळ दांड्याची कुठलीच घेऊ नका. चकमक, शिट्टी, होकायंत्र या चांगल्या वस्तू आहेत, त्या खिशात वेगळ्या ठेवा.

म्यान

म्यान धार पूर्ण झाकणारं हवं आणि त्याचं बटण किंवा पट्टा असा की कुऱ्हाड उलटी करून हलवली तरी पडू नये. जाड चामड्याचं किंवा कडक प्लॅस्टिकचं घ्या. पातळ कापडी म्यान महिनाभरात आतून कापलं जातं. चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओलावा धरतं, म्हणून घरी ठेवताना पातं त्यातून काढून वेगळं ठेवा.

लोहाराकडून करून घेता येते

मला हा मार्ग सगळ्यात पसंत आहे. आठवडी बाजारात घिसाडी किंवा गाडी लोहारांची पालं असतात. कमानपाट्याच्या तुकड्यातून ते अर्ध्या दिवसात छोटी कुऱ्हाड घडवून देतात. सांगताना मोघम सांगू नका. पातं अमुक ग्रॅमचं, धारेची रुंदी चार बोटं, मागची बाजू सपाट, नेढं लांबट अंडाकृती, गोल नको. गोल नेढ्यात दांडा फिरतो. ‘पाणी’, म्हणजे तापवून बुडवून कडक करणं, फक्त धारेला द्या, सबंध पात्याला नको, हेही बोला. जाणता लोहार पाणी पाजल्यावर धारेवर चढत जाणाऱ्या रंगाकडे बघत राहतो आणि तपकिरी-जांभळी छटा आली की थांबवतो. पुढं निळा चढू दिला की धार मऊ पडते. त्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. दांडा मात्र सुताराकडून वाळलेल्या लाकडाचा करून घ्या.

घरी आणल्यावर

नव्या कुऱ्हाडीची धार बहुधा बोथटच असते. पातं शिकंज्यात पकडा, जाड हातमोजे घाला आणि कानस एकाच दिशेनं, पुढे ढकलतानाच चालवा. मागे आणताना उचला, तिचे दात परतीच्या वाटेवर कापत नाहीत, झिजतात. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. पलीकडच्या कडेला बोटाला बारीक कोर लागली की ती बाजू झाली. मग धारेचा दगड पाणी लावून गोल-गोल फिरवत कोर काढा. घाईसाठी ग्राइंडर लावू नका. धारेवर निळा डाग दिसला की तेवढ्या जागेचं पाणी उतरलेलं असतं.

दांड्यावरचं व्हार्निश पॉलिशपेपरनं घासून काढा आणि जवसाचं तेल चोळा. एक दिवस मुरू द्या, पुन्हा चोळा. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

चालवताना

छोटी कुऱ्हाड मोठीपेक्षा निरुपद्रवी वाटते, प्रत्यक्षात उलट आहे. लांब दांड्याचा घाव चुकला तर पातं जमिनीत जातं. आखूड दांड्याचा चुकला तर तेच पातं नडगीत किंवा गुडघ्यात येतं, कारण त्याची फेरी तिथंच संपते. उपाय सोपा आहे: गुडघ्यावर बसा. मग चुकलेला घाव जमिनीवरच पडतो. तोडायच्या लाकडाखाली ओंडका ठेवा, तो तुमच्यापासून पलीकडे हवा. हात आणि कुऱ्हाड मिळून जेवढी लांबी होते तेवढ्या फेरीत कुणी नको.

जाड फांदी तोडताना सरळ काटकोनात घाव घालू नका, पातं उडतं. एकदा डावीकडून तिरका, एकदा उजवीकडून तिरका, अशी इंग्रजी व्हीसारखी खाच पाडत जा. खाचेची तोंडाशी रुंदी लाकडाच्या जाडीएवढी ठेवा, म्हणजे ढलप्या मोकळ्या होऊन पडत राहतात.

काटक्या फोडताना लाकूड डाव्या हातात उभं धरून वरून घाव घालणं, यातच बोटं जातात. त्याऐवजी पात्याची धार लाकडाच्या टोकावर टेकवा, लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचला आणि एकत्रच ओंडक्यावर आपटा. धार आत शिरते. मग कुऱ्हाडीला किंचित पीळ द्या, फळी सुटते. पावसात भिजलेलं लाकूडही असंच फोडा. वरची साल ओली असली तरी आतला गाभा पुष्कळदा कोरडा निघतो, आणि पहिली आग त्याच बारीक चिरफळ्यांवर पेटते.

रस्त्यात झाड आडवं असेल तर

गाडीतून उतरण्याआधी वर आणि बाजूला बघा. तार तुटून झाडात अडकली असेल तर जवळ जाऊ नका, वीज गेलेली आहे असं गृहीत धरू नका. १९१२ वर विजेची तक्रार द्या, ११२ वर किंवा १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या क्रमांकावर कळवा. तार नसेल तर फक्त गाडी जाण्यापुरत्या बारीक फांद्या काढा. मांडीएवढा बुंधा छोट्या कुऱ्हाडीनं तोडायला जाऊ नका. खाली दबून धनुष्यासारखी ताणलेली फांदी तर सोडूनच द्या. तिला अर्धा घाव बसला तरी ती सुटून तोंडावर बसते. घाटात दरड किंवा दुसरं झाड कलंडण्याची भीती असेल तर काम थांबवून गाडी मागे घ्या.

घरात कुऱ्हाड ठेवायची जागा पूर कुठून चढतो ते बघून ठरवा. २००५ साली कतरीना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये लोक पाण्याच्या भीतीनं माळ्यावर चढले आणि छताखाली अडकले; तिथं माळ्यावर कुऱ्हाड ठेवायचा सल्ला १९६५ च्या बेट्सी वादळापासूनच दिला जातो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडनं तळमजले बुडताना पाहिले आहेत. तळमजल्याच्या पडवीत ठेवलेली कुऱ्हाड अशा रात्री पाण्याखाली असते, म्हणून ती वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवा: म्यानात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. शेजारी जाड हातमोजे, डोळ्यांच्या बचावाचा चष्मा आणि दाब देऊन बांधता येईल अशी रुंद पट्टी हवी. धारेची जखम खोल असते. स्वच्छ कापड थेट जखमेवर धरून जोरानं दाबा, दर मिनिटाला उचलून पाहू नका, आणि १०८ ला फोन लावा.